पदकांच्या मधले सामने : भारतीय हॉकीचा एक पूर्ण हंगाम

मधली फळी

आपल्याकडे हॉकीची आठवण चार वर्षांनी एकदा निघते. ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत जर्मनीला ५-४ असे हरवून पुरुष संघाने ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळवले, तेव्हा ती निघाली. ८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये स्पेनवर २-१ अशी मात करून संघाने पुन्हा कांस्यपदक घेतले, तेव्हा ती परत निघाली. या दोन तारखांच्या मधल्या तीन वर्षांत हा संघ कुठे खेळत होता, कोणाकडून हरत होता आणि कोणाच्या जोरावर सावरत होता, हे विचारले तर क्रिकेटच्या सरासऱ्या दशांशासह सांगणारी माणसेही गप्प होतात. पॅरिसनंतरचा संपूर्ण हंगाम, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंतचा, मी शक्य तितक्या निष्ठेने पाहिला. पुरुषांचा राष्ट्रीय संघ, महिलांचा राष्ट्रीय संघ आणि पुन्हा सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगमधला एक संघ, अशा तिघांची साथ धरली होती. त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे. पदक हा संघाचा सर्वांत फसवा फोटो असतो. संघ खरा कळतो तो कोणी पाहत नसलेल्या सामन्यांत. हे मत या धाग्यावर मांडतो आणि त्यावर प्रतिसादांत वाद व्हावा अशी इच्छा आहे.

पुरुष संघाचा हंगाम सुरू झाला तो चीनमधल्या हुलुनबुइरला. आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात यजमान चीनने आपल्याला जवळजवळ चौथ्या सत्रापर्यंत रोखून धरले आणि जुगराजसिंगच्या एकमेव गोलावर आपण १-० असे सुटलो. वृत्तपत्रांनी पाचवे विजेतेपद म्हणून चार ओळी छापल्या. पॅरिसमध्ये कांस्यपदक घेतलेला संघ चीनविरुद्ध गोलासाठी इतका का अडखळला, याची चर्चा मात्र कोणी केली नाही. ऑक्टोबरमध्ये जर्मनीचा संघ दिल्लीत आला. पहिला सामना आपण ०-२ असा हरलो, दुसऱ्या दिवशी ५-३ असा जिंकला आणि मालिका कोणाची हे ठरवण्यासाठी झालेल्या शूटआऊटमध्ये पुन्हा हरलो. चोवीस तासांच्या अंतराने हाच संघ इतका वेगळा खेळू शकतो, ही गोष्ट मला त्या वर्षातल्या कुठल्याही करंडकापेक्षा अधिक बोलकी वाटली.

२८ डिसेंबर २०२४ ते १ फेब्रुवारी २०२५ या काळात लीग झाली. तिच्यातल्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता, त्यामुळे आपल्यापैकी प्रत्येकाला निष्ठा उसनी घ्यावी लागली. मी हैदराबाद तूफान्स निवडला आणि पहिल्याच आठवड्यात पंचाईत झाली. पॅरिसच्या उपांत्य सामन्यात जर्मनीकडून ज्या गोन्झालो पेलाटने आपल्यावर पेनल्टी कॉर्नरवर गोल केला, तोच पेलाट आता माझ्या संघाचा ड्रॅगफ्लिकर, म्हणजे कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढून गोलात भिरकावणारा खेळाडू, होता. समोरच्या सूरमा संघात कर्णधार हरमनप्रीतसिंग होता, ज्याच्या प्रत्येक फ्लिकसाठी मी ऑगस्टमध्ये श्वास रोखून बसलो होतो. तो चेंडूवर वाकला की आता तो चुकावा असे वाटायचे आणि वाटल्याबद्दल लगेच अपराधीही वाटायचे. अंतिम सामन्यात बंगाल टायगर्सने हैदराबादला ४-३ असे हरवले. त्यातले तीन गोल जुगराजसिंगचे होते. हुलुनबुइरला ज्याने सुटका केली त्यानेच माझा हंगाम बुडवला आणि तरीही तिसऱ्या गोलाच्या वेळी दाद तोंडातून निघून गेली.

फेब्रुवारीत भुवनेश्वरला प्रो लीगचे, म्हणजे आघाडीच्या नऊ राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेचे, आठ सामने झाले. त्यातले पाच जिंकून आपण १५ गुण घेतले आणि गुणतक्त्यात तिसऱ्या क्रमांकावर राहून युरोपच्या दौऱ्याची वाट पाहू लागलो. त्यानंतर आलेल्या जून महिन्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण सगळा हंगाम त्या दोन आठवड्यांत साठलेला आहे.

अॅमस्टेलवेनला नेदरलँड्सकडून १-२ आणि २-३, तिथेच अर्जेंटिनाकडून ३-४ आणि १-२, मग अँटवर्पला ऑस्ट्रेलियाकडून दोन्ही वेळा २-३, आणि बेल्जियमकडून ३-६. सलग सात पराभव झाले. आकडे पुन्हा वाचले तर दिसेल की बेल्जियमविरुद्धचा सामना सोडल्यास बाकीचे सहाही सामने एकेका गोलाने गेले. बातम्यांचे मथळे ‘सलग पाचवा’, ‘सलग सहावा’ असे मोजत राहिले. मथळ्यात गोलफरक मावत नाही आणि तो कधी गेला हे तर मुळीच मावत नाही. आठव्या सामन्यात बेल्जियमला ४-३ असे हरवले, तोही निर्णायक गोल अगदी अखेरच्या मिनिटांत हरमनप्रीतच्या पेनल्टी स्ट्रोकवर झाला. १६ सामन्यांत १८ गुण घेऊन आपण नऊ संघांत आठवे आलो. आयर्लंड आपल्या खाली राहिले म्हणून प्रो लीगमधून बाहेर जाण्याची वेळ टळली, एवढेच.

या सामन्यांत मला तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. पहिली म्हणजे पॅरिसनंतर गोलरक्षक श्रीजेश निवृत्त झाल्यावरची गोलरेषा. कृष्ण पाठक आणि सूरज करकेरा हे दोघेही चांगले गोलरक्षक आहेत, पण श्रीजेश नुसते चेंडू अडवत नसे. चेंडू मध्यरेषेपलीकडे असतानाही तो ओरडून बचावफळी दोन पावले सरकवत असे आणि ते सरकणे टीव्हीवरही कळायचे. दुसरी गोष्ट म्हणजे मुख्य प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांची शैली. आधी भिंत उभारायची आणि मग तिच्या आडून प्रतिहल्ला करायचा, ही शैली आघाडी मिळाली की शोभून दिसते; बरोबरी असताना शेवटची दहा मिनिटे उरली की भिंतीच्या आत राहायचे की बाहेर पडायचे, याबद्दल खेळाडूंची चलबिचल होते. तिसरी गोष्ट पेनल्टी कॉर्नरवरचे अवलंबन. पॅरिसमध्ये हरमनप्रीतने एकट्याने १० गोल केले आणि तो स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. त्या १० गोलांच्या उजेडात इतरांचे मैदानी गोल, म्हणजे कॉर्नर किंवा स्ट्रोकशिवाय चालू खेळात केलेले गोल, किती कमी आहेत, हे झाकले गेले. जूनमध्ये ते झाकण उडाले.

आणि मग सप्टेंबरमध्ये राजगीरला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला ४-१ असे हरवून आपण ऑगस्ट २०२६ मधल्या विश्वचषकात थेट प्रवेश मिळवला. सुखजीतसिंगचा गोल पहिल्याच मिनिटात आला, दिलप्रीतसिंगने दोन केले आणि चौथा अमित रोहिदासचा होता. जूनमधला संघ आणि हा संघ यांत फारसे खेळाडू बदललेले नव्हते. ज्यांनी फक्त राजगीर पाहिले त्यांना संघ फॉर्मात वाटला, ज्यांनी फक्त जूनमधले मथळे वाचले त्यांना तो रसातळाला गेलेला वाटला. माझ्या मते दोघांनीही संघ पाहिलाच नाही. आपल्याला काय वाटते?

उजवी बगल

लेख आवडला, मात्र एका गोलाने हरणे म्हणजे थोडक्यात हुकणे, हा जो सूर आपण लावला आहे तो मला मान्य नाही. सहा सामने एकाच फरकाने जातात तेव्हा त्यात नशिबाचा वाटा कमी आणि सवयीचा जास्त असतो. नेदरलँड्सने पॅरिसमध्ये पुरुष आणि महिला या दोन्ही अंतिम सामन्यांत १-१ अशी बरोबरी पत्करून शूटआऊटमध्ये ३-१ असे सुवर्णपदक घेतले. म्हणजे तेही वरचढ नव्हतेच, पण सामना काठावर आला की काय करायचे हे त्यांना ठाऊक होते. काठावरचे सामने जिंकणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते आपल्याकडे पॅरिसमध्ये श्रीजेशच्या रूपाने होते. ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत १७ व्या मिनिटाला रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर उरलेली ४३ मिनिटे आपण दहा जणांनिशी खेळलो, १-१ अशी बरोबरी टिकवली आणि शूटआऊट ४-२ असे जिंकले. त्या सामन्याला आपण शौर्य म्हणतो. जूनमधल्या सहा पराभवांना मग दुर्दैव म्हणून कसे चालेल? एक तर दोन्हीकडे कौशल्य मोजा, नाही तर दोन्हीकडे नशीब.

आपण ज्या तीन गोष्टी सांगितल्या त्यांतली दुसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आंतरराष्ट्रीय सामना आता १५ मिनिटांच्या चार सत्रांचा असतो आणि बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. त्यामुळे शेवटच्या सत्रात दमछाक झाली हे कारण पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. कोणती चौकडी कोणत्या मिनिटाला मैदानावर आहे, हे बाकाजवळ उभा असलेला माणूस ठरवतो. आपले अनुभवी मध्यरक्षक बाहेर बसलेले असताना प्रतिस्पर्ध्याने वेग वाढवला आणि आपण गोल खाल्ला, असे त्या दौऱ्यात मी एकाहून अधिक वेळा पाहिले. समालोचक त्या वेळी चेंडूबद्दल बोलत असतात, त्यामुळे घरी बसलेल्याला ते सहसा कळत नाही.

कॉर्नर फ्लॅग

पेनल्टी कॉर्नरबद्दल थोडे जवळून लिहावेसे वाटते, कारण आपण सारे फ्लिक मारणाऱ्याकडे पाहतो आणि निम्मा खेळ समोर चाललेला असतो. बचाव करणाऱ्या संघाचे गोलरक्षकासह पाच जण गोलरेषेमागे थांबतात, उरलेल्यांना मध्यरेषेपलीकडे जावे लागते. चेंडू आत ढकलला की त्या पाचांतला एक जण, ज्याला फर्स्ट रशर म्हणतात, तो थेट फ्लिकरच्या अंगावर धावत सुटतो. चेहऱ्यावर मुखवटा, हातात जाड मोजे, गुडघ्यांना पॅड, आणि समोरून ताशी १०० किलोमीटरपेक्षाही अधिक वेगाने येऊ शकणारा चेंडू. त्याचे काम चेंडू अडवणे एवढेच नसते. फ्लिकरच्या उजवीकडची किंवा डावीकडची अर्धी दिशा आपल्या शरीराने बंद करायची आणि दुसरी अर्धी गोलरक्षकावर सोपवायची, असा त्या दोघांमधला करार असतो. सरळ फटका मारला तर तो गोलफळीच्या, म्हणजे ४६० मिलिमीटरच्या, उंचीखालूनच आत जावा लागतो. ड्रॅगफ्लिकला ते बंधन नाही. म्हणूनच जगभर फ्लिकरचा भाव वाढला आणि त्याबरोबर या धावणाऱ्या माणसाची जोखीमही.

आपला हा माणूस म्हणजे अमित रोहिदास. पॅरिसमध्ये लाल कार्डामुळे त्याच्यावर एका सामन्याची बंदी आली, हॉकी इंडियाचे अपील फेटाळले गेले आणि जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना आपण त्याच्याशिवाय खेळलो. पेलाटचा गोल पेनल्टी कॉर्नरवरच झाला. रोहिदास असता तर तो गोल झालाच नसता, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण सामना २-३ असा गेल्यावर पेलाटची आठवण सगळ्यांनी काढली आणि गैरहजर रशरची फारच थोड्यांनी. हंगामभर संघ पाहणाऱ्याला अशी न दिसणारी जागा दिसते. त्या अर्थाने लेखातले मुख्य मत मला पटते.

गोलरेषा

धाग्याच्या मथळ्यात ‘पूर्ण हंगाम’ आहे, सुरुवातीला महिला संघाचे नाव घेतले आहे आणि पुढे साऱ्या लेखात तो संघ एकदाही येत नाही. हे नेहमीचेच आहे म्हणून रागावत नाही, स्वतःच लिहिते.

या संघाचा हंगाम मुळात जखमेपासून सुरू होतो. टोकियोत ऑस्ट्रेलियाला गुरजीत कौरच्या एका गोलावर हरवून चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचलेला हा संघ जानेवारी २०२४ मध्ये रांचीतल्या पात्रता स्पर्धेत जपानकडून ०-१ असा हरला आणि पॅरिसला गेलाच नाही. पुरुष संघाचे पदक देशभर साजरे होत असताना या मुली ते टीव्हीवर पाहत होत्या. त्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये राजगीरला आशियाई चॅम्पियन्स करंडकात त्यांनी अंतिम सामन्यात चीनला १-० असे हरवले. हाच चीनचा संघ तीन महिन्यांपूर्वी ऑलिंपिकचा रौप्यविजेता ठरला होता! गोल दीपिकाचा होता आणि संपूर्ण स्पर्धेत तिचे ११ गोल झाले. फेब्रुवारीत भुवनेश्वरला नेदरलँड्ससारख्या ऑलिंपिक विजेत्यांना २-२ असे रोखून शूटआऊटमध्ये हरवले. इथपर्यंत पाहिलेल्या कोणालाही वाटले असते की आता गाडी रुळावर आली.

जूनमध्ये ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, बेल्जियम आणि चीन यांच्याविरुद्धच्या आठ सामन्यांतला एकही हा संघ जिंकला नाही. प्रो लीगमध्ये तळाला राहिला आणि नेशन्स कप या खालच्या स्तरावरच्या स्पर्धेत ढकलला गेला. आपल्या पुरुष संघाची ‘टळलेली’ वेळ इथे प्रत्यक्ष आली. सप्टेंबरमध्ये हांगझोला आशिया चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली, पण तिथे चीनने ४-१ असा हिशेब चुकता केला. म्हणजे पुरुषांना आशिया चषकाने विश्वचषकाचे थेट तिकीट दिले आणि महिलांना पात्रता फेरीची वाट दाखवली. एकाच देशाचे दोन संघ एकाच जून महिन्यात बुडाले आणि एकच वर आला. माझ्या दृष्टीने या हंगामाची खरी गोष्ट ही आहे. कारणांबद्दल मी एवढेच म्हणेन की पहिल्यांदाच झालेली महिलांची लीग चार संघांची होती आणि जानेवारीतल्या दोन आठवड्यांत संपली. पुरुषांची लीग आठ संघांची होती आणि महिन्याहून अधिक चालली. परदेशी खेळाडूंशी रोज भिडण्याची सवय ज्याला म्हणतात ती दोन आठवड्यांत लागत नाही.

तरीही त्या छोट्या लीगने मला हंगामातला सर्वांत मोठा आनंद दिला. अंतिम सामन्यात ओडिशा वॉरियर्सने सूरमाला २-१ असे हरवले आणि दोन्ही गोल सातारा जिल्ह्यातल्या ऋतुजा पिसाळचे होते. दुसरा गोल तर सामना संपायला चारेक मिनिटे उरलेली असताना झाला. महाराष्ट्राचा संघ नसल्याची खंत वर व्यक्त झाली आहे. संघ नव्हता हे खरे, पण करंडक उचलणाऱ्या संघाचे दोन्ही गोल कोणाच्या स्टिकवरून गेले हे आपल्याकडे किती जणांना माहीत होते?

मधली फळी

गोलरेषा, आपला आक्षेप रास्त आहे आणि आपण लिहिले तेवढ्या नेटकेपणाने ते मला लिहिता आले नसते, म्हणून मूळ लेखात आता भर घालत नाही. वाचकांनी तो आणि आपला प्रतिसाद एकत्रच वाचावा. एका मुद्द्याची पुस्ती जोडतो. चार संघांची लीग म्हणजे राष्ट्रीय संघाबाहेरच्या मुलींना मिळणाऱ्या जागाही निम्म्या. पुरुषांच्या लीगमध्ये प्रत्येक संघाला कनिष्ठ गटातले खेळाडू घेणे बंधनकारक होते आणि त्यातून काही चेहरे पुढे आले. महिलांकडे हाच झरा बारीक आहे.

उजवी बगल यांना उत्तर देतो. मी ‘दुर्दैव’ हा शब्द वापरलेला नाही. एका गोलाने हरलेले सहा सामने क्षम्य आहेत असे माझे म्हणणे नाही. ते ३-६ अशा पराभवापेक्षा वेगळ्या प्रकारचे पराभव आहेत आणि त्यांचा इलाजही वेगळा आहे, इतकेच म्हणायचे आहे. ३-६ असा हरणारा संघ बचाव बदलतो. सहा वेळा एका गोलाने हरणाऱ्या संघाने बचाव बदलला तर तो उगाच घाबरला असे मी म्हणेन. फुल्टन यांनी संघात मोठी उलथापालथ केली नाही आणि दोन महिन्यांनी चषक जिंकला, हे मला त्यांच्या बाजूचे वाटते.

जुना प्रेक्षक

लीगमधल्या उसन्या निष्ठेबद्दल चार शब्द. महाराष्ट्राला लीगमध्ये संघ नव्हता असे नव्हते. २०१३ साली हॉकी इंडिया लीग सुरू झाली तेव्हा मुंबई मॅजिशियन्स हा संघ होता आणि चर्चगेटजवळच्या महिंद्र स्टेडियमवर त्याचे सामने होत. पहिल्या हंगामात तो शेवटच्या क्रमांकावर राहिला, दुसऱ्यातही उपांत्य फेरी गाठली नाही आणि मग संघच गेला. त्याच्या जागी २०१५ मध्ये दबंग मुंबई आला. आम्ही नाव बदलले म्हणून निष्ठा बदलली नाही, कारण मैदान तेच होते आणि शेजारी बसणारी माणसेही तीच. २०१७ मध्ये दबंग मुंबई अंतिम फेरीत पोहोचला आणि कलिंगा लान्सर्सकडून १-४ असा हरला. त्या वेळच्या नियमाने मैदानी गोल दुप्पट धरला जाई, त्यामुळे फलकावरचे आकडे पाहून खेळ कसा झाला असेल याचा अंदाजच येत नसे. विरोधी संघ दोन गोलांनी पुढे असला तरी एका धावेत बरोबरी होऊ शकते, हे थरारक वाटायचे खरे. पण तो थरार कृत्रिम होता आणि नव्या लीगमध्ये तो नियम ठेवला नाही हे उत्तम झाले.

त्यानंतर लीगच बंद पडली आणि सात वर्षे काहीच नव्हते. मला कोणी विचारले की आवडता संघ कोणता, तर मी उत्तर काय देणार? ज्या संघाचे अस्तित्व मालकाच्या ताळेबंदावर अवलंबून आहे, त्याच्यात जीव गुंतवताना माणूस हात राखूनच गुंतवणार. नव्या लीगच्या पहिल्या हंगामात तर आणखी एक अडचण होती. आठही संघांचे पुरुषांचे सामने राऊरकेला आणि रांची या दोनच ठिकाणी झाले. राऊरकेलाचे बिरसा मुंडा स्टेडियम भव्य आहे, २०२३ च्या विश्वचषकासाठी बांधले गेले आहे, तिथले प्रेक्षक जाणकार आहेत, हे सारे मान्य. पण त्या हंगामात हैदराबादचा संघ हैदराबादला खेळला नाही, तमिळनाडूचा तमिळनाडूत खेळला नाही. घरचे मैदान नसलेला संघ म्हणजे गणवेशाचा रंग. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी हे केले असणार आणि सुरुवातीला ते समजण्यासारखे आहे, परंतु याच पद्धतीने लीग चालत राहिली तर पंजाब, ओडिशा आणि झारखंड सोडून इतरत्र नवा प्रेक्षक तयार होईल असे मला वाटत नाही. ज्या खडकीने धनराज पिल्ले दिला, तिथल्या मुलाने लीगमधला सामना प्रत्यक्ष पाहायचा तर त्याने ओडिशा किंवा झारखंड गाठायचे, ही स्थिती काही बरी नव्हती.

नवखी

मी पॅरिसनंतरच हॉकी पाहू लागले आहे आणि वरची चर्चा वाचून बरेच काही नव्याने कळले. दोन शंका आहेत. प्रो लीगचा गुणतक्ता कसा वाचायचा? आणि नऊ संघांत आठवे आलेल्या संघाला घाबरण्याचे कारण काय होते?

कॉर्नर फ्लॅग

विजयाला तीन गुण असतात. बरोबरी झाल्यास दोन्ही संघांना एकेक गुण मिळतो आणि लगेच शूटआऊट होऊन त्यातल्या विजेत्याला आणखी एक गुण मिळतो, म्हणून काही संघांच्या खात्यात दोन गुणांचे सामने दिसतात. नेदरलँड्सविरुद्ध आपल्या महिलांनी मिळवलेले ते दोन गुण याच प्रकारचे. शूटआऊटमध्ये खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो आणि आठ सेकंदांत त्याला गोलरक्षकाला चकवावे लागते.

शेवटचा संघ बाहेर जातो आणि नेशन्स कप जिंकणाऱ्याला त्याची जागा देऊ केली जाते. बाहेर गेल्याचा तोटा नुसत्या प्रतिष्ठेचा नसतो. वर्षभर नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, बेल्जियम यांच्याशी प्रत्येकी दोनदा खेळायला मिळते ते बंद होते. त्या सामन्यांत हरूनही जे शिकायला मिळते ते दुबळ्या संघांवर दहा गोल चढवून मिळत नाही. राजगीरला आपण कझाकस्तानवर १५-० असा विजय मिळवला. त्या सामन्यातून फुल्टन यांना संघाबद्दल काही नवे कळले असेल का, याची मला शंकाच आहे.

उजवी बगल

१५-० बद्दल पूर्ण सहमत. उलट त्याच स्पर्धेत चीनविरुद्ध ४-३ आणि जपानविरुद्ध ३-२ असे जे घासून सामने झाले, ते मला अंतिम सामन्यापेक्षा उपयुक्त वाटले. गट फेरीत चीनने आपल्यावर तीन गोल केले आणि पुढच्या फेरीत त्याच चीनला आपण ७-० असे हरवले. हा फरक आठ दिवसांत पडला. सरावात नेमके काय बदलले हे बाहेरून कळत नाही, मात्र दुसऱ्या सामन्यात आपली आघाडीची फळी चीनच्या बचावपटूंना चेंडू घेऊन मान वर करायलाही वेळ देत नव्हती, एवढे स्पष्ट दिसले. जूनमध्ये हे दडपण पहिल्या सत्रात असायचे आणि चौथ्यात नाहीसे व्हायचे. राजगीरला ते टिकले. ते आशियाई संघांविरुद्ध टिकले की आपण खरोखर सुधारलो म्हणून टिकले, हे पुढच्या प्रो लीगमध्ये युरोपातल्या संघांसमोर कळेल.

मधली फळी

जुना प्रेक्षक यांच्या घरच्या मैदानाच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. हैदराबादची निवड मी केली ती तिथल्या शहरामुळे नव्हे, खेळाडूंमुळे केली, आणि लिलाव पुन्हा झाला की ती कितपत टिकेल याची मलाही खात्री नाही. राष्ट्रीय संघाच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, म्हणूनच कदाचित माझे हॉकीवरचे प्रेम अजून तरी निळ्या गणवेशापुरते स्थिर आहे आणि इतर रंगांबाबत चंचल.

नवखी यांना एक सुचवतो. पुढचा कोणताही सामना पाहताना एक सत्रभर चेंडू सोडून फक्त मधल्या फळीतल्या हार्दिकसिंगकडे पाहा. चेंडू त्याच्याकडे येण्याआधी तो मान वळवून मागे किती वेळा पाहतो, चेंडू गेल्यावर थांबतो की धावतो, आणि तो बाकावर गेला की संघाचा वेग कसा बदलतो, एवढेच पाहायचे. विश्वचषक ऑगस्ट २०२६ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये आहे, त्याआधी प्रो लीगचे सामने होतील. महिला संघाचे सामनेही त्याच वेळापत्रकात शोधावे लागतील, कारण ते आपोआप समोर येत नाहीत.

गोलरेषा

पात्रता फेरीचे सामने सुरू झाले की इथेच नोंद करते. गोलरक्षक सविता आणि मधल्या फळीतली सातारा जिल्ह्यातलीच वैष्णवी फाळके यांच्यावर वेगळे लिहायचे आहे, ते तेव्हाच लिहीन.